त्रेचाळिसावा आठवडा

कानबाईचे गहू मोजायच्या दिवशी घरात कुणी वाकडा शब्द काढू नये, असं प्रमिलाबाईंची सासू सांगायची. आणि वर्षातलं सगळ्यात मोठं भांडण ती नेमकं त्याच दिवशी उकरून काढायची. सासू जाऊन बरीच वर्षं झाली, पण घराने तिची रीत दोन्ही अंगांनी पाळली होती.

श्रावणातला शनिवार होता. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या दोन खोल्यांच्या घरात फरशी दोनदा पुसून झाली होती, भिंतीशी पाट मांडला होता, पाटावर कोरं कापड होतं. उद्या रविवारी देवी कानबाई बसणार आणि सोमवारी विसर्जनाला तापीत जाणार. त्याआधी आज गहू मोजायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाने आपल्या हाताने सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचा. त्याच्या पिठाचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांतच खायचे, परक्याला कण द्यायचा नाही. ज्यांचा गहू एका टोपलीत, ते एक घर. टोपल्या दोन झाल्या की रोट वेगळे झाले, आणि रोट वेगळे झाले की वाटणीच्या कागदावर सही व्हायची तेवढी राहते, हे खानदेशातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. लोटूभाऊ आणि गजेंद्र या दोघा भावांची टोपली अजून एकच होती. गजेंद्र लग्नानंतर उधन्याच्या पलीकडे फ्लॅटमध्ये राहायला गेला, टाय बांधून रिंग रोडच्या ऑफिसात जाऊ लागला, घरात अहिराणी सोडून पुस्तकातल्यासारखं बोलू लागला, तरी टोपली एक होती.

तो अजून आला नव्हता. निंबा मात्र सकाळीच येऊन दारातल्या खाटेवर बसला होता. निंबा हा लोटूभाऊंचा चुलत भाऊ. पोटासाठी रिक्षा चालवायचा आणि हौसेसाठी दुनियेची कामं करायचा. या वेळी त्याने कामरेजच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याची बस डोक्यावर घेतली होती. दिवाळीत मुंबईकडच्या वॉटर पार्कला जायचं. दोन मुक्काम, जेवणखाण, पाण्यातल्या घसरगुंड्या, उंच पाळणे, सगळं एकाच तिकिटात, आणि सणाची सवलत वर.

"वहिनी, सोमवारपावत पक्कं सांगनं पडी," निंबा म्हणाला. "कामरेजवाला मना सासरा नही शे, सीटा धरी ठेवाले."

"दोन्ही घरन्या धर," प्रमिलाबाई गहू निवडता निवडता म्हणाल्या. "मी आज ह्यास्ले सांगस."

निंबाने दिलेलं रंगीत पत्रक त्यांनी डाळीच्या डब्याखाली जपून ठेवलं होतं. त्यावर एक जाडा माणूस घसरगुंडीवरून पाण्यात पडताना आ वासून हसत होता. प्रमिलाबाईंना तो माणूस फार आवडला होता. लग्न झालं त्या उन्हाळ्यात लोटूभाऊ धुळ्याला पांझरेच्या पुलावरून उडी मारून असेच वर आले होते, आणि काठावर धुणं घेऊन बसलेल्या नव्या नवरीच्या मनात आलं होतं, अगं बाई, या माणसाला दात केवढे आहेत! त्यानंतर सुरत. आधी कापडाच्या कारखान्यात बॉबिन भरणं, मग मागावर, आता कारखान्यातली सगळी यंत्रं दुरुस्त करणारा मास्तर. ते दात पुन्हा तसे दिसले नाहीत. दर दिवाळीला यंत्रं बंद झाली की गावी जायचं, कुणाचं आजारपण, कुणाची सोयरीक. फिरायला म्हणून हा माणूस कुठे गेला नव्हता. प्लेगच्या वर्षी अर्धं सुरत पळालं, तेव्हा मात्र गेला होता, पण त्याला फिरणं म्हणत नाहीत.

आणि आता वेळ राहिला नव्हता. मागच्या महिन्यात इस्पितळातल्या डॉक्टरने लोटूभाऊंना बाहेर बसवलं आणि प्रमिलाबाईंना हिंदीत सांगितलं की फुप्फुसं दगड होत चालली आहेत, औषधाने खोकला दबेल, बाकी काही नाही. "जो खाने का मन हो खिलाओ, जहाँ जाने का मन हो ले जाओ. एकाध दिवाली समझो." प्रमिलाबाई बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पावसाळाना खोकला शे." तेव्हापासून त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिला नव्हता. मुलीला, हर्षदालाही नाही, आणि ती पोरगी तर आईच्या पापणीवरून घरात काय शिजतंय ते ओळखायची. त्यांना एवढंच हवं होतं: सगळं घर एका बसमध्ये, आणि लोटूभाऊ एकदा पाण्यात.

दुपार कलता कलता गजेंद्र आला. हातात पेढ्यांचा पुडा, काखेत चकचकीत कव्हरची फाईल, मागे बायको नूतन. नूतन शाळामास्तरांची मुलगी, जळगावची, मोजकं बोलणारी. आज तिचं तोंड आंबट होतं.

"वहिनी, आधी तोंड गोड करा, मग सांगतो," गजेंद्र म्हणाला. मग त्याने पिशवीतून एक स्टीलचा थर्मास काढून लोटूभाऊंसमोर ठेवला. "आणि हा तुम्हाला, भाऊ. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत गरम. खोकल्याला बरं."

लोटूभाऊंनी थर्मास हातात घेऊन फिरवून पाहिला. यंत्र असो की भांडं, त्यांना आधी त्याचं झाकण कसं बसतं ते पाहावं लागे.

"सांगू ना, भाऊ?" गजेंद्रने विचारलं. लोटूभाऊ फरशीकडे बघत राहिले. प्रमिलाबाईंचा हात गव्हात थांबला. दोघा भावांना ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, असं काहीतरी घरात होतं.

"आपण डोंगरावर घर घेतलं," गजेंद्र म्हणाला. "महाबळेश्वरच्या अलीकडे. म्हणजे वर्षातून एक आठवडा ते घर आपलं. दर वर्षी, तेहतीस वर्षं. बाकीच्या आठवड्यांना बाकीचे मालक. भाऊंनी आणि मी मिळून घेतलं."

निंबा खाटेवर सरसावून बसला. "म्हंजे घर एक अन् मालक बावन्न? बापरे! इतला भाऊबंद तं आपला गावमा बी नहीत."

"निंबाभाऊ, तुला कळायचं नाही. ही मालकी आहे."

"सात दिनना मालक अन् वरीसभर भाडोत्री. बरं शे."

हर्षदा आणि तिचा भाऊ योगराज फाईलमधल्या चित्रांवर ओणवे झाले होते. हिरवे डोंगर, पांढऱ्या चादरी, गच्चीवर चहा पिणारं जोडपं. प्रमिलाबाईंनी चित्रांकडे पाहिलंच नाही. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या.

"कशामाईन दिधात पैसा?"

"मागना," लोटूभाऊ म्हणाले.

दोन जुने माग विकत घ्यायचे आणि मालकाच्या दारात उभं राहणं संपवायचं, या एका विचारावर त्या घराने कित्येक वर्षं तोंड बंद ठेवून काढली होती. नवी साडी नाही, माहेरची वाट नाही. प्रमिलाबाईंना ओरडावंसं वाटलं, पण समोर कोरं कापड घातलेला पाट होता. त्यांनी गव्हातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"मी दिवाळीले बस ठरायेल व्हती," त्या हळूच म्हणाल्या. "दोन्ही घरनी. पानीवाला पार्कनी."

गजेंद्र हसला. वाईट हसला नाही. लहान भाऊ मोठ्या वहिनीला हसतो तसाच हसला. शाळेत असल्यापासून त्याला प्रमिलाबाईंनी जेवू घातलं होतं, त्याच्या पँटचे पट्टे शिवले होते. "वहिनी, अहो ते तिकीट. एकदा गेलात की संपलं. फाटकातून बाहेर आलं की तुमच्याजवळ काय राहतं? ओले कपडे. हे आपल्याजवळ राहतं. आज आपण, उद्या योगराज, परवा त्याची पोरं."

"पन पार्कमा आज जाता येस," निंबा म्हणाला. "आज पोट भुक्यं शे, अन् तू आंबानं झाड लावस."

"झाड लावणारेच पुढे आंबे खातात."

"पुढेवाला खातस, भाऊ. लावनारा नही."

निंबा हे सहज बोलून गेला. लोटूभाऊंनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

नूतन मध्येच बोलली. "ताई, तुम्हाला सांगते, कसं घेतलं ते. फोन आला की सोडतीत तुमचं नाव निघालंय, नवरा-बायको दोघं या, बक्षीस घेऊन जा. रिंग रोडचं मोठं हॉटेल. आत गेलो, दार लावलं. एक मुलगी हसून बोलत होती, ती हसायची थांबेचना. आमचं झालं की तिचा साहेब आला, तोही हसतोय. कोपऱ्यात कुणी सही केली की घंटा वाजवायचे, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. पोरं घरी शेजारणीकडे, मला दूध उतू गेल्यासारखं होतंय, आणि हे त्या मुलीला मान डोलावतायत. शेवटी हा थर्मास हातात दिला."

"आवळा दिसन कोहळा काढा," निंबा म्हणाला.

"आणि त्या घरात स्वयंपाकघर आहे म्हणे, गॅस, भांडी, सगळं. फार मोठी सोय म्हणून दाखवत होते." नूतन कडवट हसली. "म्हणजे डोंगरावर जाऊनही पोळ्या आपणच लाटायच्या. ताई, खरं सांगू? मला तुमची बस चालली असती."

प्रमिलाबाईंनी जावेकडे पाहिलं. लग्नापासून दोघींचं कधी जमलं नव्हतं. मोठीला धाकटीचं शुद्ध बोलणं टोचायचं आणि धाकटीला मोठीच्या घरातला यंत्रांच्या तेलाचा वास. आज मात्र प्रमिलाबाई जरा सरकल्या आणि नूतन त्यांच्या बाजूला येऊन गहू निवडायला बसली. गजेंद्रने ते पाहिलं.

"ठीक आहे, सगळ्या बायका एका बाजूला," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "पण भाऊंना विचारा. मी तिथूनच फोन केला तेव्हा भाऊ म्हणाले होते, पैसे देतो, यंत्रं बंद असतात तेव्हाचा घे. म्हणून मी दिवाळीचा आठवडा मागितला. त्याला सगळ्यात जास्त मागणी असते, जास्त भरावं लागलं. त्रेचाळिसावा आठवडा. ऑक्टोबरमधला. दर वर्षी आपला, कुणी हलवू शकत नाही."

"ऑक्टोबरमा?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"मागच्या वर्षीच्या दिवाळीचा आठवडा बरोबर मोजून घेतला."

प्रमिलाबाईंनी बोटांवर महिने मोजले. यंदा आषाढ दोनदा आला होता. धोंड्याचा महिना म्हणून त्यांनी रोज पहाटे तापीवर अंघोळ केली होती, गजेंद्रच्या घरी अनारसे पाठवले होते. त्याने ते खाऊन फोनवर झकास म्हणूनही सांगितलं होतं.

"गजूभाऊ, यंदा धोंडा व्हता ना? दिवाळी पुढे गयी. नवंबरमा शे."

गजेंद्र हसायला गेला आणि थांबला. हर्षदाने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं. ऑक्टोबरचं पान उलटलं. त्या आठवड्यात नुकताच दसरा झालेला होता आणि पुढे कोजागिरी होती. दिवाळी पुढच्या पानावर होती.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत सुरतेत यंत्रं दिवसरात्र धडधडतात. त्या दिवसांत मास्तराने रजा मागायची म्हणजे कायमची मागायची. या घरात जन्म, मरण, लग्न, उपास, सगळं पंचांग बघून होत आलेलं. गजेंद्रने आयुष्यात पहिल्यांदा तारीख बघून काही घेतलं, आणि दिवाळी तारखेने येत नाही हे एवढं शिकलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. त्याच्याच कशाला, लोटूभाऊंच्याही आलं नव्हतं. दिवाळी म्हणजे यंत्रं बंद, ते फाटकावरचा भोंगा सांगायचा. त्यासाठी कॅलेंडर लागत नव्हतं.

"पुढल्या वर्षी येईल की त्या आठवड्यात," गजेंद्र म्हणाला.

"कव्हय येई, कव्हय नही येवाव," निंबा म्हणाला. "दिवाळी का दगडनी शे, एक जागावर बसाले?"

"बदलून मिळतो आठवडा. थोडं वर भरून. रिकामा असला तर."

"दिवाळीचा आठवडा कुणी रिकामा सोडतं का?" नूतन म्हणाली.

बायकोने चारचौघांत असं म्हणावं, हे गजेंद्रला सोसलं नाही. तो उभा राहिला. कान लाल झाले होते. "झालं समाधान? वहिनी, तुम्हाला पाण्यात घसरायचंच असेल तर जा निंबाभाऊच्या बसमधून. दोन दिवस आरडाओरडा करा आणि ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन या. आमच्या हातात तेहतीस वर्षं आहेत!"

प्रमिलाबाईंनी महिनाभर दाताखाली धरलेलं सुटलं. "तेहतीस वरीस! तुना भाऊजोडे कोठे शेतस तेहतीस वरीस? डाक्टरनी एक दिवाळी सांगेल शे! एक!"

बोलल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हर्षदाच्या हातातलं कॅलेंडर खाली पडलं. योगराज आईकडे बघत होता, मग बापाकडे. गजेंद्र उभा होता तसाच राहिला.

लोटूभाऊंनी थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा नीट बसवलं. "माले मालूम शे," ते म्हणाले.

"तुमले कोन सांगं?"

"बाहेर बसाडं माले, पन दार उघडंच व्हतं. तुले हिंदीमा सांगं, अन् मंग नर्सले गुजरातीमा. बावीस वरीस सुरतमा ऱ्हायनू मी. इतली गुजराती कळस." थोडं थांबून, श्वास गोळा करून ते पुढे म्हणाले, "तू पावसाळाना खोकला म्हनी. म्हटलं, बरं. तुले बरं वाटस ना, मंग तसंच."

महिनाभर दोघं एका अंथरुणावर एकमेकांकडे पाठ करून तेच लपवत निजले होते. प्रमिलाबाईंना नवऱ्याचा राग आला, इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता. त्याच्या छातीवर डोकं आपटावं असा राग.

"मालूम व्हतं, तरी माग लेवाना पैसा डोंगरवर टाका? कोनकरता?"

लोटूभाऊंनी गजेंद्रकडे बोट केलं. "ह्यानाकरता. पोरास्करता. गजू, आयक. मी नही ऱ्हायनू का पहिलं वरीस तू कानबाईले येशी. दुसरं वरीस बी येशी. मंग नूतनबाईले रजा नही भेटाव. मंग पोरास्नी परीक्षा. मंग एक दिन तू तठेच सोतानी टोपली मांडशी. भांडन बी नही व्हवाव, काही नही. आसंच व्हस, मी देखेल शे. देवी कोनले बांधी ठेवस? कागद बांधस. दोन्ही घरस्नं नाव एक कागदवर ऱ्हायनं, का वरीसमा एक येळ तुले मना पोरास्ले बलावनंच पडी. तेहतीस वरीस." एवढं बोलून ते खोकले. मग त्यांनी विचारलं, "सहीले माले बलावशी म्हने ना तू? कव्हय जावानं?"

गजेंद्र फाईल आवरू लागला.

"सांगता का? का मी सांगू?" नूतन म्हणाली. तिचा आवाज आता कडवट नव्हता, घाबरलेला होता.

"भाऊ, सही झाली," गजेंद्र म्हणाला. "त्याच दिवशी झाली. त्यांचा नियम आहे, नवरा-बायकोच्या नावावरच होतं. माझं आणि हिचं. तिसरं नाव त्या कागदावर बसत नव्हतं. मी म्हटलं, नावात काय आहे, आपण एकच... सगळे टाळ्या वाजवत होते, भाऊ. मला तिथून उठता आलं नाही."

लोटूभाऊंनी मान हलवली. एकदा, दोनदा. यंत्राचा दात तुटला की ते अशीच मान हलवायचे आणि हत्यारांची पेटी मागायचे. आता मागायला काही नव्हतं. प्रमिलाबाईंना वाटलं, हा माणूस आत्ता, या क्षणी, आपल्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला. भावाने फसवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हा फसवणारा नव्हता, नुसता भिडस्त होता, आणि त्याच्या भिडेत लोटूभाऊंचं उरलंसुरलं गेलं होतं.

"चाला," लोटूभाऊ म्हणाले. "गहू मोजाना शेतस. ऊन उतरनं."

टोपली पुढे आली. लोटूभाऊंनी गव्हात हात घातला. चालत्या मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा नुसत्या पंजाने अडवणारा तो हात. मूठ वर आली तेव्हा बोटांच्या फटींतून दाणे गळत होते. पाव मुठीला त्यांनी ते गळलेलेच वेचून टाकले. मग योगराजने टाकले, ओठ घट्ट मिटून. मग लोटूभाऊंनी हाक मारली, "गजू."

गजेंद्र दारापाशी भिंतीला टेकून उभा होता. "भाऊ," तो म्हणाला, आणि कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून घरची बोली आली, "मी गहूस्ले हात लावू का?"

लोटूभाऊंनी त्याचं मनगट धरून खाली बसवलं आणि त्याचा हात गव्हात दाबला. "भर. पुरी मूठ भर."

गजेंद्र रडत रडत मूठ भरत होता. नूतन रडत होती, हर्षदा रडत होती, निंबा खाटेवर तोंड फिरवून नाक ओढत होता. प्रमिलाबाई रडल्या नाहीत. टोपली एक राहिली, हे देवीने बघितलं असेल तर बघो. त्या दिराला माफ करणार नव्हत्या, निदान यंदा तरी नाही, आणि हे त्यांनी पाटाकडे बघून मनातल्या मनात स्पष्ट सांगून टाकलं.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ चढली, रोट झाले, गल्लीतल्या बायका गाऊन गेल्या. सोमवारी वाजतगाजत सगळे तापीवर निघाले. निंबाने रिक्षा धुऊन आणली होती, पण लोटूभाऊ बसले नाहीत. देवी आपल्याच डोक्यावर घेणार म्हणून हटून बसले. घाटापर्यंत त्यांनी तीन वेळा थांबून श्वास घेतला, आणि तिन्ही वेळा गजेंद्र कोपराला हात देऊन उभा राहिला.

नदी श्रावणाच्या पाण्याने गढूळ आणि भरलेली होती. दोघे भाऊ पायऱ्या उतरून कमरेइतक्या पाण्यात गेले. लोटूभाऊंनी देवी सोडली, हात जोडले, आणि कुणाला काही कळायच्या आत नाक दाबून खाली गेले. गजेंद्रने ओरडून हात पाण्यात घातला. तेवढ्यात ते वर आले. केस कपाळाला चिकटलेले, तोंडावरून पाणी निथळतंय, आणि हसत होते. सगळे दात दिसत होते. पायऱ्यांवर उभ्या प्रमिलाबाईंना ते दात ओळखू आले. त्यांना जे बसच्या तिकिटावर हवं होतं, ते इथे दोन पावलांवर आयतं समोर उभं होतं. त्याही हसल्या, मोठ्याने हसल्या, शेजारची बाई वळून बघू लागली.

मग हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेना. लोटूभाऊ वाकले, आणखी वाकले, आणि गजेंद्रने त्यांना दोन्ही हातांवर उचलून घेतलं. लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत नेणारा भाऊ. उचलताना गजेंद्रने ओझ्याची तयारी केली होती, आणि ओझं आलंच नाही. त्याने दचकून पायऱ्यांवरच्या वहिनीकडे पाहिलं. महिनाभर प्रमिलाबाई रात्री नवऱ्याच्या अंगावर पांघरूण घालत होत्या, त्यांना काही नवं नव्हतं. पण दिवसाच्या उजेडात, दुसऱ्याच्या हातावर, त्यांनी ते आज पाहिलं. ओठ निळे पडले होते. दिवाळी अजून लांब होती. धोंड्याने ती आणखी लांब नेली होती.

नूतनने थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतून दिलं. लोटूभाऊंना ते पिता आलं नाही, नुसतं दोन्ही हातांत धरून ते रिक्षात बसले. एका बाजूला गजेंद्र, ओल्या कपड्यांनिशी, भावाचं डोकं खांद्यावर घेऊन.

निंबा घुटमळत प्रमिलाबाईंपाशी आला. "वहिनी, येळ नही शे ही, पन कामरेजवालाले आजच सांगनं शे. सीटा ठेवू का सोडू?"

प्रमिलाबाईंनी रिक्षाकडे पाहिलं. हर्षदा आणि योगराज काकाच्या पायाशी दाटीवाटीने बसले होते. नूतन स्वतःच्या पदराने लोटूभाऊंचे केस पुसत होती.

"दोन्ही घरन्या पक्क्या कर," त्या म्हणाल्या. "एक सोडी दे."

निंबाने लोटूभाऊंच्या निळ्या ओठांकडे पाहिलं आणि कुणाची, ते विचारलं नाही.